निदान गुडघ्याला हात तरी लावा!

पुरुषांच्या कबड्डीच्या मैदानात मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर एक आडवी रेघ असते. तिचं नाव निदानरेषा. चढाई करणाऱ्याच्या हाताला कोणी लागलं नाही, तर त्यानं निदान ही रेघ तरी ओलांडून यायचं, नाहीतर बाद. रेवस-मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत, रायगडच्या किनारपट्टीत, ही रेघ पोरांच्या पायाला शाळेच्या आधी ओळखीची होते. ओहोटीच्या ओल्या वाळूत पायाच्या अंगठ्यानं ओढली की झालं मैदान.

मला या रेघेचं नाव फार आवडतं. कारण खेळता खेळता गुडघा गेला, की पुढचा सगळा खेळ त्याच शब्दाचा असतो: निदान. गुडघ्यातली गादी फाटली आहे का, हे ओळखायच्या हाताच्या चाचण्या डॉक्टरांकडे शंभरेक वर्षांपासून आहेत. त्यांना वीज लागत नाही, फिल्म लागत नाही. दोन हात, एक खाट आणि कळ आली की ओरडणारा पेशंट, एवढ्यावर त्या चालतात. त्यांच्या गोष्टी इतक्या सुरस आहेत, की त्या दवाखान्याच्या पडद्याआड ठेवणं मला पटत नाही.

घोटा पकडला, तळवा रुतला

आमचा दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, गावच्या संघाचा चढाईपटू. जत्रेच्या दिवसांतली रात्रीची मॅच, पाणी मारून चोपलेली माती, वर पिवळे दिवे. बोनस घेऊन तो मध्यरेषेकडे वळला आणि त्याच क्षणी डाव्या कोपऱ्यानं, म्हणजे त्या टोकाच्या बचावपटूनं, त्याचा घोटा धरला. पाय तिथंच रुतून राहिला, अंग मात्र वळून गेलं. "आत काहीतरी कट्‌ झालं," तो नंतर सांगायचा. मॅच त्यानं पुरी खेळली. सकाळी उठला तर गुडघा नारळाएवढा, आणि पाय सरळ होईना.

मग गावात व्हायचं ते झालं. कोणी म्हणालं वाटी सरकली, कोणी म्हणालं शीर चढली. काकूनं आंबेहळदीचा लेप उगाळला. एकानं पाय ओढून "बसवून देतो" म्हणून हात घातला, तेव्हा मात्र दादा असा ओरडला की शेजारचे जमले. तालुक्याच्या डॉक्टरांकडे मीच त्याला मोटारसायकलवरून नेला. डॉक्टरांनी गुडघ्याकडे बघायच्या आधी तीन गोष्टी विचारल्या. पाय जमिनीत रोवलेला होता का? अंग कुठल्या बाजूला वळलं? आणि सूज किती वाजता आली?

तो तिसरा प्रश्न ऐकून मला नवल वाटलं होतं. आता वाटत नाही.

सुजेचं घड्याळ

गुडघ्याच्या आतला, हाडांना बांधून ठेवणारा मुख्य लिगामेंट तुटला तर सांध्यात रक्त साचतं आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म होतो. खेळ बहुधा तिथंच थांबतो. नुसती गादी फाटली असेल, तर सूज बहुधा रात्रभरात सावकाश चढते, कारण गादीच्या मोठ्या भागात रक्तवाहिन्याच नसतात. साचतं ते सांध्याचं स्वतःचं पाणी. म्हणून "मॅच पुरी खेळला, सकाळी सुजला" या एका वाक्यात अर्धं निदान असतं. गादी अगदी कडेला, जिथं रक्त पोचतं तिथं फाटली, तर हे घड्याळ चुकू शकतं, हेही खरं. पण गावच्या संघाबरोबर फिरणाऱ्या प्रत्येकानं ही वेळ लक्षात ठेवली तरी डॉक्टरांचं काम हलकं होतं.

दोन चंद्रकोरी

गादी म्हणतो खरे, पण ती गादीसारखी सपाट नसते. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये कुर्चेच्या दोन चकत्या असतात, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. बाहेरची कड जाड, आतली कड पात्यासारखी पातळ. वैद्यकात त्यांना मेनिस्कस म्हणतात, आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे लहानशी चंद्रकोर. आपल्या बायका कपाळावर लावतात तीच.

आतली कोर मोठी आणि उघडी, बाहेरची जवळजवळ गोल मिटलेली. सरळ उभं राहिलं की गुडघ्यावरच्या भाराचा साधारण निम्मा वाटा या दोघी उचलतात. गुडघा काटकोनात वाकवला की तो ८५ टक्क्यांपर्यंत जातो. आतली कोर सांध्याच्या आवरणाला घट्ट शिवलेली, तिला हलायला जागा कमी. बाहेरची मोकळी, वेळ पडली तर बाजूला सरकून जीव वाचवणारी. म्हणून एकूण हिशेबात आतलीच जास्त फाटते.

खेळताना गादी फाटायला बहुधा तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: गुडघा वाकलेला, त्यावर भार, आणि वर पीळ. चढाईतली घोटापकड या तिन्ही गोष्टी एका क्षणात जमवते. पुढे येणारी प्रत्येक चाचणी वाचताना हा क्षण डोळ्यांसमोर ठेवा. कारण बहुतेक चाचण्यांत डॉक्टर तोच क्षण पुन्हा घडवतात, फक्त अगदी सावकाश.

अंगठ्याची चाचणी

सगळ्यात जुनी, सगळ्यात साधी. खुर्चीत बसून गुडघा काटकोनात ठेवा. वाटीच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंना एक-एक खळगा लागतो. तिथून अंगठा बाजूनं मागे सरकवत नेला की दोन हाडांच्या मधली फट लागते. त्या फटीवर दाबून नेमक्या एका ठिकाणी कळ आली, तर संशय पक्का व्हायला लागतो. धडधाकट गुडघ्यावर ती फट शोधून बघायला हरकत नाही. दुखऱ्या गुडघ्यावर मात्र पुढची कुठलीही कसरत घरी करू नका. फाटलेल्या गादीला अजून एक पीळ नको.

या अंगठ्याला एक स्विस जोड आहे. बर्नचे सर्जन फ्रिट्झ स्टाइनमान यांच्या लक्षात आलं, की गादीचं दुखणं असेल तर दुखरा बिंदू चालतो. गुडघा वाकवत नेला की कळ फटीवरून मागे सरकते, सरळ केला की पुढे येते. कारण साधं आहे: गुडघा वाकताना गादी स्वतःच मागे सरकते, दुखणं तिच्याबरोबर जातं. फटीच्या जवळच्या लिगामेंटचं दुखणं असेल तर ते जागचं हलत नाही. तुटलेलं हाड ताणून धरायला आजही जी सळई वापरतात, तिलाही याच स्टाइनमान यांचं नाव आहे.

लिव्हरपूलचा खटका

थॉमस पोर्टर मॅकमरे. जन्म १८८७, बेलफास्ट. काम लिव्हरपूलला, बंदराच्या शहरात. त्यांनी १९४२ साली आपली चाचणी छापून प्रसिद्ध केली आणि आज जगातल्या कुठल्याही हाडांच्या दवाखान्यात हे नाव दिवसातून एकदा तरी उच्चारलं जातं.

दादाच्या बाबतीत मी ती जवळून पाहिली. डॉक्टरांनी आधी चांगला पाय घेतला. हे मला फार आवडलं. चांगल्या पायावर एकदा करून दाखवलं की पेशंटची धास्ती जाते आणि डॉक्टरांच्या हाताला त्या माणसाचा मूळ गुडघा कळतो. मग दुखरा. दादा उताणा झोपलेला. एका हाताची बोटं सांध्याच्या फटीवर, दुसऱ्या हातात टाच. गुडघा जमेल तितका वाकवत टाच कुल्ल्याकडे नेली. पाऊल बाहेरच्या बाजूला फिरवलं आणि तसंच फिरवलेलं धरून पाय हळूहळू सरळ करायला घेतला. मध्येच कुठेतरी दादानं खाटेची कड पकडली. डॉक्टरांची बोटं त्याच जागी थांबली. "हाच तो आवाज ना रे, मैदानातला?" त्यांनी विचारलं. दादानं मान डोलावली.

गंमत अशी, की खटका लागणं एवढ्यानं काहीच सिद्ध होत नाही. निरोगी गुडघेसुद्धा कटकट वाजतात. फटीवर बोटाला जाणवणारा खटका, त्याच्याबरोबर कळ, आणि "हेच ते" अशी पेशंटची ओळख, हे तिन्ही जुळलं तर चाचणी बोलकी होते. पाऊल बाहेर वळवलं की आतल्या गादीची परीक्षा, आत वळवलं की बाहेरच्या गादीची.

या चाचणीचा आपल्याशी एक जुना धागाही आहे. हाडांच्या शस्त्रक्रियेची स्वतंत्र पदवी लिव्हरपूल विद्यापीठानं फार लवकर सुरू केली, आणि स्वातंत्र्याच्या आधी आणि नंतरही भारतातले अनेक सर्जन ती घ्यायला तिथं जात. त्यांनी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत विद्यार्थी घडवले, ते विद्यार्थी जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. टाच धरायची ती पकड हातातून हातात अशी आमच्या तालुक्यापर्यंत आली. पुस्तकातलं चित्र बघून ती येत नाही.

जात्याचा न्याय

माझी सगळ्यात लाडकी चाचणी ही. ॲलन ग्रॅहॅम ॲप्ली (१९१४–१९९६), इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या पिरफर्डचे सर्जन. यांचं अस्थिशास्त्राचं पाठ्यपुस्तक १९५९ साली निघालं आणि आजही त्यांच्याच नावानं नव्या आवृत्त्या निघतात. बघा, चाचपा, हलवा, याच क्रमानं सांधा तपासायचा, ही शिस्त जगभरच्या विद्यार्थ्यांना लावली ती त्यांनी. गुडघ्याची चाचणी त्यांनी १९४७ साली मांडली.

पेशंट पालथा. गुडघा काटकोनात, म्हणजे तळवा छताकडे. डॉक्टर आपला गुडघा पेशंटच्या मांडीवर मागून हलकाच टेकवतात, मांडी हलू नये म्हणून. मग दोन्ही हातांनी पाऊल धरायचं. पहिल्या फेरीत पाय वर ओढून पिळायचा. दुसऱ्या फेरीत खाली दाबून पिळायचा. संपली चाचणी.

यातली बुद्धी बघा. ज्यांनी जातं ओढलंय त्यांना ती लगेच कळेल. वरची तळी थोडी उचलून धरली आणि खुंटा फिरवला, तर दाणा भरडला जात नाही. फक्त मधला खिळा कुरकुरतो. तळी खाली टेकवून फिरवली की मगच दाणा भरडतो. गुडघ्याचंही तसंच. पाय वर ओढला की दोन हाडांत अंतर पडतं, गादी सुटी होते, ताण येतो तो लिगामेंटवर. तेव्हा दुखलं तर लिगामेंट संशयित. खाली दाबून फिरवला की गादी दोन हाडांमध्ये भरडली जाते. तेव्हा दुखलं तर गादी संशयित. एका खाटेवर, अर्ध्या मिनिटात, दोन संशयित वेगळे. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी आजीच्या जात्याजवळ जाऊन तळी उचलून खुंटा फिरवून बघितला होता. खरंच, दाणा तसाच राहतो.

एकाच समुद्राचे दोन काठ

एजियन समुद्राच्या पश्चिमेला ग्रीसचा थेसली प्रांत आणि पूर्वेला तुर्कस्तानचं इझमीर शहर. २००४ साली तुर्कस्तानच्या डॉक्टरांनी एक चाचणी छापली, 'एगे' नावाची. एगे म्हणजे तुर्की भाषेत एजियनच. लगेच पुढच्या वर्षी, २००५ साली, थेसलीतल्या लारिसाच्या डॉक्टरांनी दुसरी छापली आणि तिला प्रांताचंच नाव दिलं. दोन्ही चाचण्यांमागचा विचारही एकच: गादी फाटते ती उभ्या माणसाच्या वजनाखाली, मग तिला झोपवून काय विचारायचं? उभं करूनच विचारू.

थेसलीची चाचणी फुगडीच्या चुलतबहिणीसारखी दिसते. पेशंट एका पायावर, डॉक्टर समोरून त्याचे हात धरून. गुडघा आधी ५ अंश, मग २० अंश वाकवायचा आणि तेवढा वाकलेला ठेवून अंग तीनदा आत-बाहेर वळवायचं. आधी चांगल्या पायावर, मग दुखऱ्यावर.

एगेच्या चाचणीत पावलं बाहेरच्या बाजूला पूर्ण वळवून उभं राहायचं, सावकाश उकिडवं बसायचं आणि उठायचं. मग पावलं आत वळवून पुन्हा तेच. फटीत कळ आली किंवा खटका लागला की डॉक्टर नोंद घेतात.

ही एगेची रीत वाचली आणि मला ओहोटीचा खडक आठवला. हातात कोयती घेऊन कालवं काढणाऱ्या बायका. तास-दोन तास उकिडव्या, पावलं खडकाच्या चढउताराप्रमाणे कधी आत, कधी बाहेर वळलेली, आणि प्रत्येक नव्या दगडासाठी एकदा उठणं. एगेची चाचणी त्या रोज शंभरदा देतात. त्यातली एखादी "उठताना आतल्या अंगाला चमकतं" म्हणाली, तर ते वय झाल्याचं गाऱ्हाणं म्हणून सोडून देऊ नये. चमकतं नेमकं कुठे, हे तिला बोटानं दाखवायला सांगावं. दवाखान्यात जायला तिला वेळ मिळत नाही, पण बोट ठेवायला मिळतो.

मांडी घाला बघू!

ऑस्ट्रियात जन्मलेले आणि पुढे लायप्झिगला काम केलेले सर्जन एर्विन पायर यांची चाचणी आपण सगळे जेवायला बसताना देतो. पेशंटला मांडी घालून बसवायचं आणि वर आलेला गुडघा हलकेच खाली दाबायचा. आतल्या बाजूला, सांध्याच्या फटीत कळ आली, तर आतल्या गादीचा मागचा भाग संशयित. युरोपात या बैठकीला 'तुर्की बैठक' म्हणतात, कारण तिथं रोजच्या जगण्यात ती नाही. आपल्याकडे पंगत, भजन, पत्त्यांचा डाव, सगळं मांडीवर. त्यामुळे मराठी माणसाला आपल्या गुडघ्याची पहिली बातमी बहुतेक वेळा पाटावरच मिळते.

बदकचाल

उकिडवं बसून बदकासारखं चालायचं. अमेरिकी सर्जन चाइल्ड्रेस यांनी या चालीचीच चाचणी बनवली. गादीचा मागचा भाग फाटला असेल तर माणूस पूर्ण खाली बसूच शकत नाही, किंवा चालताना मागे कळ येऊन खटका लागतो. कबड्डीच्या सरावात हीच चाल पोरांकडून फेऱ्याफेऱ्यांनी करून घेतली जाते. कालपर्यंत सहज करणारा पोरगा आज तिसऱ्या पावलाला थांबला, तर त्याला कामचुकार म्हणून ओरडू नका. त्याच्या गुडघ्यानं सांगितलेलं ऐका.

बादलीची कडी, पोपटाची चोच, पुनवेचा चंद्र

फाटण्याचेही नमुने असतात आणि त्यांची नावं घरगुती आहेत. गादी लांबीत उभी चिरली आणि आतली पट्टी सुटून मध्ये पलटली, तर ती दिसते बादलीच्या कडीसारखी. पट्टी सांध्यात अडकली की पाय सरळच होत नाही, दाराच्या फटीत फडकं अडकावं तसा. दादाचा गुडघा असाच अडकला होता. अशा गुडघ्याला ओढून 'बसवणं' म्हणजे अडकलेलं फडकं दारानं अजून चेपणं. दुसरा नमुना पोपटाच्या चोचीचा, वाकडा तुकडा सुटून लोंबणारा.

काही मुलांची बाहेरची गादी जन्मतःच कोरीऐवजी पूर्ण चकती असते, बिजेच्या चंद्राऐवजी पुनवेचा. आशियातल्या लोकांत हे जास्त आढळतं. लहान पोराचा गुडघा कधी न पडता-झडता खटखट वाजत असेल, तर डॉक्टर हा विचार करतात.

आणखी एक: नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या गादीत सगळीकडे रक्त पोचतं. वय वाढतं तसं ते कडेकडे मागे हटतं, आणि दहाव्या वर्षाच्या आसपास गादी मोठ्या माणसासारखी होते. मग रक्त फक्त बाहेरच्या साधारण तिसऱ्या हिश्शात. तिथली चीर शिवली तर भरून येण्याची आशा चांगली. आतल्या पांढऱ्या भागातली सहसा भरत नाही.

एकट्या कोपऱ्याला चढाईपटू सापडत नाही

आता खरं-खरं. या चाचण्या किती भरवशाच्या? २००७ साली बऱ्याच अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा १०० फाटलेल्या गुडघ्यांपैकी मॅकमरेच्या चाचणीनं ७० ओळखले, ॲप्लीच्या चाचणीनं ६०, अंगठ्यानं ६३. २०१५ साली पुन्हा बेरीज झाली. तेव्हा मॅकमरे ६१ वर आली, अंगठा ८३ वर चढला, थेसली ७५. थेसलीच्या मूळ डॉक्टरांना मात्र आतल्या गादीसाठी ९४ टक्के आणि बाहेरच्या गादीसाठी ९६ टक्के अचूकता मिळाली होती. त्याच २०१५ साली ब्रिटनमध्ये मोठी तपासणी झाली, त्यात थेसली निम्म्याच्या जरा वर, ५४ टक्क्यांवर राहिली. बाकीच्या चाचण्याही त्याच आसपास.

आकडे असे वरखाली का होतात? चाचणी हातात असते, आणि हात वेगवेगळे असतात. जो गुडघा नुकताच सुजलाय, तो पुरता वाकतच नाही. लिगामेंटही तुटला असेल तर सगळंच दुखतं. म्हणून चांगला डॉक्टर एका चाचणीवर कधी विसंबत नाही. कबड्डीत एकटा कोपरा चांगल्या चढाईपटूला क्वचितच धरतो. कोपऱ्यानं घोटा धरला, शेजाऱ्यानं कंबर धरली, साखळी आवळली की तो सापडतो. कशी इजा झाली याची हकीकत, सुजेची वेळ, अंगठा, खटका, जातं, ही साखळी जुळली की निदान पकडीत येतं.

यंत्राला दिसतं, पण दुखतं कोणाला?

"एमआरआय काढला की कळेलच की," असं म्हणणारे बरेच भेटतात. एमआरआय फार मोलाचा आहे, फाटलेली गादी तो छान दाखवतो. अडचण अशी, की न दुखणारी फाटलेली गादीही तो तितकीच छान दाखवतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या ५० ते ९० वर्षांच्या ९९१ जणांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले होते, निष्कर्ष २००८ साली आले. ज्यांची गादी फाटलेली दिसली, त्यांतल्या ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा काही त्रासच नव्हता. केस पिकावेत तशी गादीही वयानं विरते. मग साठीच्या आत्याच्या गुडघ्यातल्या चिरेवर बोट ठेवून "हेच कारण" म्हणायचं, तर आधी कोणीतरी तिच्या फटीवर अंगठा ठेवून बघायला हवा.

फिनलंडच्या डॉक्टरांनी २०१३ साली याहून धाडसी गोष्ट प्रसिद्ध केली. वयानं विरलेल्या गादीचे १४६ पेशंट, वय ३५ ते ६५. अर्ध्यांची फाटलेली गादी दुर्बिणीतून छाटली, अर्ध्यांवर छाटल्याचं फक्त नाटक केलं. वर्षानं दोघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. तरण्या खेळाडूच्या अडकलेल्या गुडघ्याला हा निष्कर्ष लागू नाही, ती गोष्ट वेगळी. हा फरक एमआरआयच्या कागदावर लिहिलेला नसतो. तो पेशंटशी बोलून आणि त्याच्या गुडघ्याला हात लावून कळतो.

आमच्याकडे याला आणखी एक बाजू आहे. म्हसळ्या-श्रीवर्धनकडच्या पोराला मोठ्या तपासणीसाठी पनवेल-मुंबई गाठायची म्हणजे अख्खा दिवस आणि घरातल्या दोघांची मजुरी जाते. तालुक्याच्या डॉक्टरांनी दहा मिनिटं हात लावून "हा अडकलाय, याला लगेच पाठवा" किंवा "हा थांबू शकतो, व्यायाम द्या" एवढं सांगितलं, तरी त्या घराचं मोठं काम होतं.

आधी शिवली, मग शंभर वर्षं फेकली

एडिंबराचे सर्जन थॉमस ॲनंडेल यांनी १६ नोव्हेंबर १८८३ रोजी एका खाणकामगाराची सुटलेली गादी टाक्यांनी जागेवर शिवली. तो माणूस पुन्हा कामावर गेला. पण १८९७ साली ब्लँड-सटन या नामवंत सर्जननी या चकत्या म्हणजे पायातल्या जुन्या स्नायूचे निरुपयोगी अवशेष, असं लिहून ठेवलं, आणि काळ त्यांच्या बाजूनं गेला. गादी फाटली की काढून टाका, हा शिरस्ता पडला. खुद्द मॅकमरे यांचंही मत गादी पूर्णच काढावी असं होतं; अर्धी ठेवणं ही त्यांना चूक वाटे. १९४८ साली फेअरबँक यांनी गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे बघून सांगितलं, की तिथली हाडं बदलतात, फट कमी होते, सांधा झिजायला लागतो. तरी पुढे कित्येक वर्षं गाद्या काढल्याच जात होत्या. टोकियोच्या मासाकी वातानाबे यांनी ४ मे १९६२ रोजी दुर्बिणीतून फाटलेला तेवढाच तुकडा छाटला, तिथून वारं फिरलं. आज जिथं शक्य तिथं गादी शिवतात. ॲनंडेल यांच्याच वाटेनं.

मॅकमरे यांचा उपचार मागे पडला आणि त्यांची टाच धरायची रीत तेवढी राहिली, हे मला या सगळ्यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं.

पाटावर

तालुक्याच्या डॉक्टरांनी दादाला पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथं त्याची चीर कडेला, रक्ताच्या भागात निघाली. कडी जागेवर बसवून दुर्बिणीतून टाके घातले. आठवडाभरात निदान झालं म्हणून जमलं, असं तिथल्या डॉक्टरांनी काकूला सांगितलं. मग कुबड्या, पट्टा, मांडीचे व्यायाम. उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, कित्येक महिने. जेवायला तो खुर्चीवर आणि आम्ही खाली, याचीच त्याला जास्त लाज वाटायची.

गौरी-गणपतीला घरात पंगत बसली. दादानं खुर्ची आणली नाही. भिंतीला हात टेकून तो पाटाशी आला, आधी चांगला पाय दुमडला, मग दुसरा. काकू वाढता वाढता थांबली, हातातली पळी भाताच्या वर तशीच. आम्ही सगळे त्याच्या गुडघ्याकडे बघत होतो. त्यानं तळहातानं गुडघा हळूच खाली दाबून बघितला, एकदा, दोनदा.

"वाढ की," तो म्हणाला.